पळसपानांचा देह

खंडाळा. कार्तिक वद्य ३, शके १८४६

श्रीकृपेने सकाळच्या गाडीने सुखरूप पोचलो. हवा फारच आल्हाददायक. बंगल्यापुढे दरी, मागे पळस. स्नानसंध्येची सोय उत्तम. यजमान महिपतराव विनयशील गृहस्थ. त्यांचे थोरले बंधू बजरंगराव स्वतःच्या मालवाहू आगबोटीवर होते. आश्विनातील वादळात ती रत्नागिरीजवळ खडकावर फुटली. देह सापडला नाही. म्हणून पळसपानांचा पुतळा करून त्यास अग्निसंस्कार करावयाचा, याकरिता मला पाचारण केले आहे.

वद्य ४

बजरंगरावांच्या पत्नी झुंबरबाई कुंकू पुसावयास तयार नाहीत. त्यांचे चुकते असे म्हणवत नाही. मृत्यूचा निश्चय नसता बारा वर्षे थांबावे, असे शास्त्र आहे. जिवंताचा असा दाह झाला, तर तो परतूनही मृतच गणला जातो. बुडताना कोणी पाहिले, असे विचारता महिपतराव हसून म्हणाले, शास्त्रीबुवा, समुद्र कधी साक्षीदार ठेवतो का? उत्तर चतुर होते. समाधान झाले नाही. बंगला थोरल्यांच्या नावावर आहे, हे आज कळले.

वद्य ५

बागेतला गडी बहिरू पाने घेऊन आला. ती कोणासाठी हे ऐकताच टोपली त्याच्या हातून सुटली. म्हणाला, "आबा, थोरलं मालक जितं हायेत! परवा चालत आलं. धाकल्यांनी माळ्यावर कोंडलंय. माजं नाव नगा सांगू, लय मारत्याल."

माळ्यास नवे कुलूप आहे. माळा पाहिल्यावाचून मंत्र म्हणणार नाही, असे यजमानांस स्पष्ट बजावले. अवश्य, उद्या पाहा, म्हणाले.

पुतळा बांधून ठेवला, मस्तकाच्या जागी विधीप्रमाणे नारळ. एका हाताने उचलला जातो.

वद्य ६

माळा उघडा होता. रिकामा. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. महिपतराव म्हणाले, तिथे उंदरांनाही मी पाहुणचार करीत नाही. शंका फिटली ना?

फिटली नाही. बहिरूला कामशेतला धाडला म्हणतात. पुतळ्याच्या खोलीत मला मज्जाव. गाठी सैल होत्या, यजमानांनी स्वतः आवळल्या म्हणे. मी बांधलेल्या गाठी सैल?

वद्य ७

चिता अंगणात. माझ्या दाराला बाहेरून कडी. थंडी आहे, मंत्र खिडकीतूनच म्हणा, असा निरोप.

पुतळा आणीत आहेत. चार परके गडी — वाकले आहेत. पानांना चौघे?

मस्तकावर वस्त्र आवळलेले. आत नारळ नाही —

झुंबरबाई कुठे —

ओरडलो. कोणी वर पाहिले नाही. महिपतराव पलिता घेऊन — मंत्राची वाट पाहतात. मी म्हणणार नाही. ते थांबतील का —

वारा नाही. तरी छातीवरची पाने वर येतात, खाली बसतात, पुन्हा वर —