झाकलेला पट्टा

९ फेब्रुवारी, सोमवार

खोकला अजून आहे. दिवसभर पंपाचे दिवस तपासले. आलेख काढायच्या प्रोग्रॅममध्ये एक चूक सापडली, ती दुरुस्त केली. लवकर घरी आले.

११ फेब्रुवारी, बुधवार

बैठक झाली. नेहमीचे पाच — सर, आमच्या गटातली धाकटी, पंपवाला, संगणकवाला आणि मी. पंपाचे एकेचाळीस दिवस ठेवायचं ठरलं. मीच बोलले. वीस मिनिटं! एवढं मी वर्षभरात बोलले नसेन. कोणीही हरकत घेतली नाही. सर तर स्वल्पविरामावर हरकत घेणारे. तेही नुसती मान डोलावून, "ठीक आहे, पंचवीस तारखेला सह्या करू."

जिंकल्यासारखं वाटायला हवं. अंग मोडून आलंय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सोमवारची नोंद आत्ता वाचली. एकही शब्द खोटा नाही, आणि तरी सगळी लबाडी आहे. नवऱ्याला, आईला, सरांना मी थोडंफार गुंडाळत आले असेन. या वहीला कधी नाही!

तर नीट लिहिते. लेकीला समजावते तसं, अगदी पहिल्यापासून. म्हणजे कुठे घसरले ते तरी दिसेल.

आमच्या तळघरात, शिशाच्या विटांच्या आत, मुठीएवढा जर्मेनियमचा स्फटिक आहे. आठ वर्षं तो थंडगार ठेवून आम्ही वाट बघतोय. कशाची? एखाद्या इलेक्ट्रॉनची क्वांटम अवस्था अशी असू शकते की तो इथेही आहे आणि तिथेही. मग कधीतरी ती अवस्था कोसळते आणि एकच काहीतरी शिल्लक राहतं. कशामुळे कोसळते? पुस्तकात असतं — मोजमाप केल्यावर. काही जण म्हणतात, कोणी मोजो न मोजो, ती आपली आपणच कोसळते आणि प्रत्येक वेळी बारीकसा हिसका बसतो. हे खरं असेल तर त्या हिसक्यातून क्वचित, फारच क्वचित, एखादा क्ष-किरण निघेल. तो टिपायचा. एवढंच काम. लेक म्हणते, "आई, तू आठ वर्षं काहीच न होण्याची वाट बघतेस." तसंच आहे ते.

हे किरण आलेखात जिथे दिसायला हवेत, तो पट्टा झाकलेला असतो. वर राखाडी पट्टी. कुठल्या दिवसांची मोजणी ठेवायची, कुठली टाकायची, हे ठरून सह्या होईपर्यंत पट्टीखाली कोणी बघायचं नाही. नाहीतर आधी काय हवं ते दिसतं आणि मग माणूस तसंच ठरवतो. नियम सरांचा. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "तुम्ही चोर आहात म्हणून कुलूप लावत नाही. डब्यात गोड आहे म्हणून लावतो."

३ तारखेला मी कॅलिब्रेशन, म्हणजे आलेखाच्या अक्षाचं माप, बदललं. पट्टीचे आकडे मात्र जुनेच राहिले. आलेख सरकला, पट्टी जागच्या जागी! सोमवारी पंपाच्या दिवसांचा आलेख काढला तर झाकायचा भाग उघडा. ठिपके, काहीच नसतं तर ज्या रेषेवर असते, तिच्या वर. एखाददुसरा नाही, ओळीनं वर.

किती वेळ बघत होते? काढा गार झाला एवढा वेळ. मग आकडे दुरुस्त केले. कोणाला बोलले नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आता खरा प्रश्न.

दोन वर्षांपूर्वी गारवा देणारा पंप एकेचाळीस दिवस थरथरत होता. अशा थरथरीतून खोटे ठिपकेही उमटू शकतात. जानेवारीत मी म्हणत होते, हे दिवस टाका, धोका नको. बुधवारी मीच म्हणाले, ठेवा. कारणं दिली. चांगली होती. थरथरीचा परिणाम आलेखाच्या खालच्या टोकाला दिसतो, आपल्या पट्ट्यापर्यंत पोचत नाही. पंपवाल्याच्या नोंदीही तेच सांगतात. आजही मला ही कारणं पटतात.

पण मग ती जानेवारीत का सुचली नाहीत?

बघितलं नसतं तर सुचली असती का? हे तपासायला आता कोणतंही यंत्र नाही. जिने बघितलं नाही ती मी आता कुठून आणू!

संध्याकाळी जिन्यात धाकटी भेटली. तिची नेमणूक मार्चअखेरपर्यंतच आहे. काही सापडलं तर मुदत वाढेल. "काही सापडलं नाही" या निष्कर्षावर पगार कोण देणार? माझा हात धरून म्हणाली, "ताई, परवा तुम्ही माझं घर वाचवलंत." मी म्हटलं, "अगं, आधी सह्या तर होऊ देत." हात सोडवून घेतला. तळव्याला घाम होता. माझ्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आणखी एक. ज्या दिवसांची तपासणी चालू असते त्यांचा आलेख रोज सकाळी चहाच्या खोलीतल्या स्क्रीनवर आपोआप येतो. म्हणजे ३ तारखेपासून ९ तारखेपर्यंत तोही उघडाच असणार. मी खोकल्यामुळे तिकडे फिरकलेच नाही. पण त्या स्क्रीनकडे बघतं कोण! आठ वर्षांत एकदाही कोणी मान वर केलेली मी पाहिली नाही. सगळे बिस्किटांकडे बघतात.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सांगायला गेले. सरांच्या दारापर्यंत. आतून शिंक ऐकू आली. परत फिरले. अपशकुन वगैरे मी मानत नाही. आज मानला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सरांना सर्दी, म्हणून पहिल्या वर्षाचा त्यांचा तास मी घेतला. विषय — ताऱ्याचा शेवट.

हा तास मला आवडतो. आज ओझं झालं. मोठा तारा लाखो वर्षं स्वतःला सावरून धरतो. वजन आत ओढतं, उष्णता बाहेर ढकलते. दोघांचं जमतं तोवर संसार चालतो. मग गाभ्यात लोखंड साठतं. लोखंड जाळून काही मिळत नाही. आणि गाभा सेकंदभराच्या आत कोसळतो. पृष्ठभागाला मात्र तासन्‌तास पत्ता नसतो. तो आपला पूर्वीसारखाच चमकतोय.

एकीनं विचारलं, "पण मॅडम, वरच्यांना कळत कसं नाही?"

"बातमी पोचायला वेळ लागतो."

मागून कोणीतरी, "आमच्या घरीपण असंच आहे, मॅडम!" वर्ग हसला. मीही हसले. तोंडानं.

मग तीच मुलगी पुन्हा — "आणि क्वांटम अवस्था? ती बघितल्यावर कोसळते ना? मग झुरळानं बघितलं तर?"

"तेच मोजतोय आम्ही तळघरात."

"झुरळं?"

पुन्हा हशा. तास संपल्यावर फळा पुसायला विसरले. सरांचा नियम आहे, आपण लिहिलेलं आपण पुसायचं. दोन जिने पुन्हा चढून गेले. कोणीतरी आधीच पुसला होता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

नवऱ्याला सांगितलं. चष्म्याच्या दुकानातून दमून आला होता, तरी पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं म्हणेल, "एवढंसं तर आहे, जाऊ दे." तेच म्हणावं अशी इच्छाही होती.

तो म्हणाला, "दुकानात रांगेत बसलेली माणसं पुढच्याचं ऐकून ऐकून तक्त्याची शेवटची ओळ पाठ करतात. मुद्दाम नाही. कानावर पडते. आणि खुर्चीवर बसली की धडाधड वाचतात. खोटं बोलत नाहीत गं ती. त्यांना खरंच दिसतंय असं वाटतं."

"मग तू काय करतोस?"

"तक्ता बदलतो. नाहीतर चुकीचा चष्मा घेऊन जातील आणि दुसऱ्या दिवशी जिन्यावरून पडतील."

जरा वेळानं, "चहा टाकू?" म्हणाला. मी नको म्हटलं. त्यानं टाकला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सांगायचं. ठरलं. आठ वर्षं पाण्यात गेली तरी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं असं लिहून झालं की काम झाल्यासारखं वाटतं. झालेलं नाही.

मी सांगणार ते खरं म्हणून, की मला हे ओझं झेपत नाही म्हणून? दुसरं असेल तर मी माझी झोप धाकटीच्या पगारातून विकत घेतेय. सकाळपासून हेच घोळतंय. लेक म्हणाली, "आई, तू तीच भांडी तिसऱ्यांदा घासतेयस."

२३ फेब्रुवारी, सोमवार

बैठकीआधी धाकटीला सांगणं भाग होतं. तिच्या पायाखालचं ओढायचं तर तिला आधी कळायला हवं. तळघरात, विटांपाशी उभं राहून सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"ताई, नका ना सांगू."

"अगं, पण बघितलंय मी."

"मग? तुमची कारणं खोटी आहेत का?"

"मला माहीत नाही. तेच तर."

ती हातमोजे काढून पुन्हा घालत राहिली. "माझी खोली आहे भाड्याची. आई आहे माझ्याकडे." मग एकदम, "तुम्हाला फार सोपं आहे हो हे. तुमची नोकरी कायम आहे."

खरं आहे.

परतताना लक्षात आलं — पट्ट्यात काय दिसलं, हे तिनं विचारलंच नाही. आठ वर्षांचं उत्तर, आणि एका शब्दानं विचारलं नाही! इतका राग आला असेल माझा. यायलाच हवा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कागदावर लिहून काढलं. नऊ ओळी. "अनवधानाने" हा शब्द खोडला. चूक अनवधानानं झाली. बघत राहिले ते नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. उभं राहून वाचलं. शेवटची ओळ — "मला यातून वगळा. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांनी पंपाच्या दिवसांचं पुन्हा ठरवावं."

पंपवाला खिडकीकडे, संगणकवाला नखांकडे, धाकटी माझ्याकडे बघत होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "ज्यांनी बघितलं नाही त्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. सरांचेही दोन्ही हात टेबलावरच होते.