निद्राकारक औषध आणि सर्जा

श्रावण अमावास्या, पोळा. सायंकाळ.

मी नथू दगडू पाटील, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, चौथी उत्तीर्ण, गावच्या मानाच्या बैलाचा धनी, खरे तेच लिहितो.

आज तोरणाखालून पहिला जाण्याऐवजी सर्जा वेशीतच कोसळला. त्याच्या अर्धवट उघड्या डोळ्यावर माशी बसली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "नाना, पोटात निद्राकारक औषध गेले आहे."

चुलतभाऊ सुपडू हसला. "पेंड गोड लागनी व्हई त्याले! आते मना बैल पुढे जाऊ द्या, नाना."

मी काठीने त्याचे दात पाडले. तो पडल्यावरही हाणले. हाड मोडल्याचा आवाज आला. ते नंतरचे घाव औषधाबद्दल, की हसण्याबद्दल?

निद्राकारक म्हणजे झोप आणणारे, विष नव्हे. मग सर्जा उठत का नाही?

समक्ष हजर: डॉक्टर, रक्ताळलेला सुपडू आणि सर्जा. माशी अजून त्याच डोळ्यावर आहे.