अपिलात ठरलेली विधवा

मी, दीपमाला अमृत रांजणे, वय अठ्ठावन्न, धंदा मोटार रिवायंडिंग, राहणार विश्रामबाग, सांगली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने नव्हे तर स्वतःच्या मनाने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर काळजी करू नका म्हणाले, म्हणूनच लिहायला बसले. वकील ऋषिराज डुबल टाइप करून देतो म्हणत होते. पण माझ्या संसारावर तीन निकाल दुसऱ्यांनी लिहिले. हा एक कागद तरी मीच लिहावा असे वाटले.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावामागचे ‘अमृत’ हे नाव काही वर्षे कायद्याने माझे नव्हते. ते कसे गेले आणि कसे परत आले, यावर खालची निम्मी वाटणी अवलंबून आहे. म्हणून आधी ते लिहिते. उद्या कोणी हरकत घेतलीच तर कारकुनाला शोधत बसायला नको.

२. माझे लग्न मेढ्याच्या अमृत रांजणे यांच्याशी झाले. ते फौजेत होते. आम्हाला एक मुलगी झाली, स्वप्ना. ती चौथीत असताना तापाने फणफणली. मी आणि माझ्या सासूबाई रंगुबाई तिला जीपमध्ये घालून साताऱ्याला निघालो. सातारा दिसायच्या आत ती माझ्या मांडीवर गेली. अमृत सरहद्दीवर होते. ते पोचले तेव्हा सगळे उरकले होते. घरात आल्यावर त्यांनी पायातले बूटही काढले नाहीत. मला म्हणाले, “तू हितं हुतीस न्हवं? मग पोर गेली कशी?”

एवढेच बोलले. पुन्हा कधी तसे बोलले नाहीत. पण त्यानंतर मला त्या घरात श्वास घेता येईना. वर्षभराने सांगलीत माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला. मी त्यांच्या सेवेला आले ती परत गेले नाही. अमृतही न्यायला आले नाहीत. रिटायर झाल्यावर त्यांनी साताऱ्याच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केला. कारण लिहिले: पत्नीने पतीचा परित्याग केला.

३. साक्षीच्या वेळी मला विचारले, घर का सोडले? मी म्हणाले, वडील आजारी होते. हे खरे होते. पण सगळे नव्हते. समोर अमृत खाली मान घालून बसले होते, आणि ते वाक्य भरल्या कोर्टात त्यांच्या अंगावर टाकायला माझी जीभ उचलली नाही. निकाल विरुद्ध गेला. त्यात लिहिले होते की, पत्नीने सबळ कारणाशिवाय घर सोडले.

मला पोटगी नको होती, जमीन नको होती. मला ती ओळ खोडून हवी होती. म्हणून अपील केले. ऋषिराज वकिलांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा बूट न काढता बोललेले ते वाक्य मी त्यांना सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले.

“ताई, हे तुमच्या साक्षीत कुठं आहे?”

“साक्षीत नाही.”

“मग ते अपिलातही नाही. वरचं कोर्ट खालच्या कोर्टातल्या कागदांवर चालतं. नवा पुरावा सहसा घेत नाहीत. तिथं जे बोललं गेलं नाही, ते घडलंच नाही असं समजून आपल्याला लढायचं.”

जिल्हा न्यायालयाने सगळ्या साक्षी पुन्हा वाचल्या आणि निकाल कायम ठेवला. मग उच्च न्यायालयात दुसरे अपील. मी म्हणाले, आता तरी जज साहेब मला विचारतील का? वकील म्हणाले, “दुसऱ्या अपिलात तर तेवढंही नाही. कोण खरं, कोण खोटं हे आता ते सहसा बघत नाहीत. खालच्या कोर्टांनी कायदा बरोबर लावला का, एवढंच.” म्हणजे जसजसे वर चढावे तसतसा माणूस कमी होत जातो आणि कागद उरतो. तरी मी चढले.

४. अपील मुंबईला पडून होते. अशात एका दुपारी अमृत माझ्या दुकानाच्या दारात उभे राहिले. टेम्पोत विहिरीवरची जळालेली मोटार होती. अंगावरचा शर्ट दोन मापे मोठा वाटत होता. लिव्हरचे दुखणे होते, हे मला नंतर कळले.

मी विचारले, “साताऱ्यात रिवायंडिंगची दुकानं नाहीत का?”

“हायती की.”

“मग?”

“मोटार जळली तवा म्हनलं, आता जायला कारन घावलं.”

दुकानात माझ्यासोबत काम करणाऱ्या पारूबाईने चहा आणला. ते स्टुलावर बसून राहिले. मी मोटार उघडली आणि जळकी तार ओढत राहिले. मग ते म्हणाले, “त्या दिवशी मी जे बोल्लो, ते माझ्या मलाच बोलत हुतो. मी न्हवतो न्हवं तितं.” इतक्या वर्षांत कोर्टाच्या कुठल्याही कागदावर न आलेले हे वाक्य. ते ऐकायला मी आणि पारूबाई दोघीच होतो.

पुढे म्हणाले, “परत लगीन लावू. रजिस्टर हाफिसात. धा मिंटाचं काम.” मी नाही म्हणाले. मी त्यांना म्हणाले, “माझं लग्न एकदाच झालंय. त्यात काही मोडलं नव्हतं. मोडलं म्हणून लिहिलंय, ते खोडून घ्यायचं.” ते हसले. “बरं. मग कोर्टालाच म्हनू दे. मी वकिलाला सांगतो, इरोध करू नगं. निकाल लागला की न्यायला येतो.” दोघांनी मिळून अर्ज द्यायचे ठरले. सह्यांची तारीख ठरली. त्या तारखेआधी ते गेले.

५. मला कळवले ते शिवांजलीने, माझे दीर कोंडीबा यांच्या मुलीने. फोनवर कुजबुजत म्हणाली, “काकी, काका गेलं. बाबा म्हनत्यात तुला सांगू नगं. तू ये.” मी मिळेल त्या गाडीने मेढ्याला पोचले. वेण्णेच्या काठावर माणसे जमली होती. कोंडीबा आडवे आले.

“वहिनी, हितनंच मागं फिरा. तुमचा संबंध न्हाई. काडीमोड झालेल्या बाईचं हितं काय काम? कोर्टाचा कागद हाय माझ्याकडं.”

मी म्हणाले, “भावजी, लांबून तोंड बघू द्या.”

“न्हाई म्हंजे न्हाई.”

कोणी मध्ये पडले नाही. कागद खरा होता. मी पुलावर जाऊन उभी राहिले. तिथून धूर दिसला, तोंड दिसले नाही.

६. त्यानंतर कोंडीबांनी सासूबाईंचे कुलमुखत्यार म्हणून हरकत घेतली: नवरा मेला, आता घटस्फोटाचे अपील कशाला चालवायचे? अमृत यांच्या मागे आईशिवाय वारस नाही असे ठरले की सगळे आपल्याकडे येईल, हा हिशेब होता. एव्हाना अपील मुंबईहून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आले होते. न्यायालयाने म्हटले की, ही बाई घटस्फोटित की विधवा हे ठरणे बाकी आहे, त्यावर तिचे नाव आणि वारसा उभा आहे. माणूस गेला तरी प्रश्न संपलेला नाही. मग मूळ प्रश्न घेतला. पतीने उलटतपासणीत कबूल केले होते की तो पत्नीला आणायला एकदाही गेला नाही. मुलगी वारली होती, वडील अंथरुणाला खिळले होते. संसार कायमचा सोडण्याचा हेतू दिसल्याशिवाय त्याला परित्याग म्हणता येत नाही, आणि खालच्या दोन्ही न्यायालयांनी हेतूचा विचारच केला नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा रद्द. अपीलकर्ती ही मयत अमृत यांची विधवा आहे.

वकील म्हणाले, “ताई, जिंकलो.” मी व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. लोकांना सुतक माणूस गेल्यावर लागते. मला निकाल लागल्यावर लागले. आजूबाजूला माणसे तारखा विचारत होती, एक बाई डबा उघडून पोराला भरवत होती, आणि मी माझ्या नवऱ्यासाठी पहिल्यांदा हक्काने रडत होते.

७. आता वाटणी.

विश्रामबागेतील दुकान आणि वरच्या दोन खोल्या मला वडिलांकडून मिळाल्या. त्या मी पारूबाई कांबळे यांना देते. वडिलांच्या वेळेपासून त्या माझ्यासोबत तार भरतात. वाइंडिंग मशीन, मीटर, हातोड्या, तारेची रिळे, वार्निशची भट्टी, सगळे त्यांचे. दुकानाची पाटी बदलायची असेल तर खुशाल बदलावी. उधारीवर मोटारी नेणाऱ्यांना त्या माझ्यापेक्षा चांगल्या ओरडतात, तेव्हा धंद्याची मला चिंता नाही.

मेढ्याच्या जमिनीत व घरात अमृत यांचा जो हिस्सा होता, त्यातला निम्मा माझा आणि निम्मा सासूबाईंचा, अशी वारस नोंद झालेली आहे. माझा निम्मा मी शिवांजली कोंडीबा रांजणे हिला देते. एका फोनसाठी एवढे, असे कोणी म्हणेल. त्या घरातून मला आलेला तो एकच फोन होता.

अमृत यांनी आणलेली मोटार मी भरून, टेस्ट करून ठेवली आहे. ती शिवांजलीने विहिरीवर बसवावी. मजुरी घेतलेली नाही.

स्वप्नाचा निळा फ्रॉक आणि तिची एक वेणी माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. ही दोन्ही कोणाला देऊ नयेत. माझ्यासोबत ठेवावी.

फौजेची फॅमिली पेन्शन माझ्याबरोबर संपते. ती कोणाला देता येत नाही. बँकेत जे असेल त्यातून दवाखान्याचे बिल भागवावे, उरेल ते खालील कलम ९ मध्ये लिहिलेल्या सांभाळासाठी.

श्री. कोंडीबा रांजणे यांना मी काहीही देत नाही. विसरले म्हणून नव्हे. मात्र माझ्या अंत्यविधीला ते आले तर त्यांना कोणी अडवू नये. पुढे येऊ द्यावे, तोंड बघू द्यावे. कोणालाच अडवू नये.

८. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी अॅड. ऋषिराज डुबल यांना नेमते. त्यांनी फी घ्यावी. घेणार नाहीत हे ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते.

९. आत्याबाईंबद्दल. सासूबाईंना मी पहिल्यापासून आत्याबाई म्हणते.

निकालानंतर थंडीत एका दुपारी दुकानासमोर जीप थांबली. कोंडीबांनी आत्याबाईंना हाताला धरून उतरवले, कपड्यांचे गाठोडे पायरीवर ठेवले. म्हणाले, “वहिनी, कोर्टानं तुमाला सून ठरिवलंय. मग आता सासू सांभाळा.” पारूबाई भांडायला उठली, तिला मी धरले. जीप गेली.

आत्याबाई खुर्चीत बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

“कोन गं तू?”

“दीपमाला. अमृतची बायको.”

“आसं व्हय,” म्हणाल्या, आणि पाणी मागितले.

एवढे वाक्य म्हणण्यासाठी मी तीन कोर्टे चढले होते. आणि त्या घरातल्या ज्या एका माणसाने ते मान्य केले, त्याला आपण काय मान्य केले हे ठाऊक नव्हते.

त्यांची आठवण गेली आहे. अमृत वारल्याचे त्यांच्या डोक्यात टिकत नाही. “अमृत कवा येनार गं?” हे रोजचे. सुरुवातीला मी खरे सांगितले. त्यांनी छाती पिटून घेतली, मुलगा गेला म्हणून जमिनीवर पडल्या. जेवणानंतर विसरल्या आणि संध्याकाळी पुन्हा विचारले. मी पुन्हा सांगितले. पुन्हा तेच. एका आईला मी रोज नव्याने मुलगा मारून दाखवत होते. मग थांबले. आता म्हणते, “आत्याबाई, सुट्टी मंजूर झालीया. गाडीत बसल्यात.”

“जेवला आसंल का?”

“व्हय, जेवल्यात.”

मग त्या निवांत होतात.

पारूबाईंना दुकान व खोल्या देते, त्यासोबत एकच अट: आत्याबाई हयात असेतो वरची पूर्वेकडची खोली त्यांची. त्यांना मेढ्याला पाठवू नये, आश्रमात ठेवू नये. डाळ पातळ करावी, मिरची घालू नये. अमृतबद्दल विचारल्यास वर लिहिले आहे तेच उत्तर द्यावे, वेगळे काही सांगू नये. मी कोणत्याही कोर्टात शपथेवर खोटे बोललेले नाही. हे खोटे माझ्या नावावर असू द्या.

आणि माझ्यामागे एखाद्या दिवशी त्यांनी विचारलेच की, ती दीपमाला कुठं गेली, तर सांगावे, अमृतला आणायला स्टँडवर गेलीया.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. खालील दोघांसमोर सही करते. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

सही
दीपमाला अमृत रांजणे

साक्षीदार
१. अर्जुना सिद्धाप्पा कोरे, शेजारी, विश्रामबाग. (लिहून देणार यांनी आमच्यासमोर सही केली.)
२. डॉ. विश्वजित माने, सांगली. (लिहून देणार यांची मनःस्थिती ठीक असल्याचे मी तपासले आहे.)

ठिकाण: सांगली
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२६