दहा बेचाळीसचं हिरवं पान

११ मार्च
महिन्यातून एकदा ऑफिसला जायचा दिवस. तळघरात आमच्या बस कंपनीच्या तिकीट-सर्व्हरच्या डोक्यावर खोबऱ्याच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं असतं. ते खाल्लं. म्हणजे सगळं नाही, तळाला चुरा ठेवला. भूक लागली होती. या पाकिटाशिवाय मशीन सरळ वागत नाही, असं अख्खं ताइचुंग शहर मानतं. मी मानत नाही, मी इंजिनिअर आहे. तरी पाकिटात हवा फुंकली, चिकटपट्टी लावली आणि होतं तसं ठेवून दिलं.
तसंही पाकीट हे फांगताईंचं खातं. त्या तळघर सांभाळतात, मी घरी बसून ब्राउझरमधून सगळे सर्व्हर सांभाळतो. वाटणी चोख आहे.

१२ मार्च
मन खातंय. पुढच्या महिन्यात नवं पाकीट नेणार. हिरवंच. पिवळ्याने मशीन आजारी पडतं म्हणे. मानत नाही, पण हिरवंच.

१९ मार्च, दुपारी १.१०
ऐन नूडल्स खाताना ब्राउझर कोकलला. तिकीट-सर्व्हरची डिस्क ८४ टक्के भरली. जुन्या नोंदी पुसायच्या, दहा मिनिटांचं काम. इशाऱ्याचा आवाज तात्पुरता बंद केला, तसं देखरेखीचं पान पुन्हा हिरवं झालं. उद्या सकाळी नऊला पुसणार म्हणजे पुसणार.

२० मार्च
नऊला अंघोळ. मग नऊ वाजून गेले होते.

२७ मार्च, दुपारी २.४५
पान पूर्ण हिरवं. डिस्क ८९ वर येऊन थांबलीय, दोन दिवस जागची हललेली नाही. आपोआप स्थिरावली! कुठे हात घालायचा नाही हे अनुभवानेच कळतं.
पानाच्या कोपऱ्यात वेळ मात्र दहा बेचाळीस दिसते. कालही तीच होती. घड्याळ बिघडलेलं दिसतंय. सवडीने बघू.

२९ मार्च
फांगताईंचा फोन. छिंगमिंगची, म्हणजे पूर्वजांच्या कबरी साफ करायच्या सणाची, सुट्टी मंजूर झाली. तीन वर्षांनी पिंगतुंगला वडिलांच्या कबरीवर जाणार. गवत कमरेएवढं वाढलंय, भाऊ कॅनडात, करणार कोण? म्हणाल्या, "मशीन नीट आहे ना रे, त्सेंग? नाहीतर मला अर्ध्या वाटेतून ओढून आणतील."
मी म्हटलं, "ताई, तुम्ही बिनघोर जा. माझ्यासमोर सगळं हिरवंगार आहे."
फोन ठेवल्यावर पाकीट आठवलं. सांगायला हवं होतं. पण आनंदात होत्या, कशाला मोडता घाला?

४ एप्रिल, सकाळी ८.२०
अख्खं बेट गावाकडे निघालंय आणि आमच्या बस कंपनीची तिकिटं तासाभरापासून बंद. मॅनेजर लू फोनवर ओरडत होते, "पान उघड!" मी म्हटलं, "समोरच आहे साहेब, सगळं हिरवं आहे." ते म्हणाले, "स्टँडवर चारशे माणसं झाडू आणि फुलं घेऊन उभी आहेत. ये, त्यांना सांग हिरवं आहे म्हणून!"
पान रिफ्रेश केलं. त्याने पासवर्ड मागितला.
पंचवीस मार्चला सकाळी दहा बेचाळीसला मी आपोआप लॉगआउट झालो होतो. दहा दिवस मी एक चित्र बघत बसलो होतो. आत शिरलो तर सगळं लाल. डिस्क ठासून भरलेली, घरून मशीन मला दारातसुद्धा उभं करेना. कुणीतरी तळघरात जायला हवं होतं.
फांगताई स्टेशनवर होत्या. गाडी फलाटाला लागलेली. परत फिरल्या.

रात्री
तिकिटं दुपारी तीनला सुरू झाली. ताईंची गाडी गेली, पुढच्या सगळ्या भरलेल्या. मला लाज वाटतेय.

५ एप्रिल
लूंना चिकटपट्टीचं पाकीट सापडलं. सगळ्यांसमोर ताईंना झापलं. रिपोर्टमध्ये लिहिलंय: कारण, रिकामं पाकीट. जबाबदार, फांग. रिपोर्ट कंपनीच्या पानावर आहे, सही माझी बाकी.
कबुल्या दोन द्यायच्या आहेत. लहानीपासून सुरुवात केली. ताईंना फोन केला. "ताई, पाकीट मी खाल्लं."
"माहितीय. शर्टावर चुरा होता तुझ्या. दुसऱ्याच दिवशी मशीनच्या मागे नवं ठेवलं मी."
"मग लूंना सांगितलं का नाही?"
"सांगून काय? पाकीट जागेवर होतं, त्सेंग. तू नव्हतास."
मी म्हटलं, बंद आवाजाचं आणि पानाचं मी स्वतः लिहीन. म्हणाल्या, "लिही." आणि फोन ठेवला.

६ एप्रिल
दिवसभर मजकूर घासूनपुसून काढला. 'संबंधित कर्मचाऱ्याकडून देखरेखीत किंचित उणीव राहिली.' भाषा चांगली जमलीय. नाव घालायचं की नाही, यावर रात्रभर विचार करणार.

७ एप्रिल, दुपारी ४
विचार करताना झोप लागली.
आता ताईंचा फोटो आला. गेल्या एकदाच्या पिंगतुंगला. आजूबाजूच्या कबरी लखलखीत, माणूस एक नाही. सण संपलाय. त्यांच्या वडिलांच्या कबरीवरचं गवत अर्धं काढलेलं. पुढ्यात संत्री, उदबत्त्या, आणि एक हिरवं पाकीट. खाली लिहिलंय, "बाबांना सांगितलंय, त्सेंगवर जरा लक्ष ठेवा."
बराच वेळ बघत बसलो.
मग 'संबंधित कर्मचारी' खोडलं. फांगताईंचं नाव खोडलं. माझं पूर्ण नाव लिहिलं, आवाज बंद केल्याची तारीख लिहिली, पाकीटसुद्धा लिहिलं, आणि पाठवायचं बटण दाबलं.
पानाने पासवर्ड मागितला. मी कालपासून लॉगआउट होतो. लिहिलेलं सगळं गेलं.
पुन्हा लिहितोय.