पत्नीच्या रबरी टाचेचे काठिण्य मोजून मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य परीक्षण अधिकारी,
पदार्थ परीक्षण केंद्र, रबर विभाग,
पहिला मजला.

विषय: अर्जदाराच्या पत्नीच्या कृत्रिम पावलाची टाच मोजून दाखला मिळण्याबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ: आपले ज्ञापन, 'स्वतःच्या पत्नीच्या टाचेवर कार्यालयीन उपकरण दाबल्याबाबत'.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून नम्र निवेदन करण्यात येते की, अर्जदार आपल्याच विभागात काठिण्य तपासनीस या पदावर आहे. रबरावर मोजयंत्र दाबणे, काटा स्थिरावू देणे आणि आकडा लिहिणे हे त्याचे काम. आकडा जितका मोठा तितके रबर कडक, हे आपणांस सांगावयास नको. परंतु मागील दोन्ही अर्ज टाचणीसुद्धा न हलता परत आल्यामुळे पहिल्यापासून सांगणे भाग आहे.

२. अर्जदाराची पत्नी इस्त्रीचे दुकान चालवते व दिवसभर उभी असते. तिचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. कृत्रिम अवयव केंद्राने तिला नवे पाऊल दिले. त्याची टाच पंचावन्न काठिण्याची असल्याचे सोबतच्या चिठ्ठीत नमूद आहे. प्रत्यक्षात ती टेकताना जराही दबत नाही. प्रत्येक पावलाचा धक्का सरळ वर जाऊन गुडघ्याखाली जखम झाली आहे. ती आणखी चिघळली तर गुडघाही ठेवता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. "माझा पाय हप्त्याहप्त्याने नेताहेत," असे पत्नी शेजाऱ्यांना हसत सांगते. अर्जदाराला हसू येत नाही.

३. अवयव केंद्र पाऊल बदलून देण्यास तयार आहे, मात्र टाच कडक असल्याचा आपल्या शिक्क्याचा दाखला त्यांना हवा. त्यांचे स्वतःचे यंत्र अर्जदाराने पाहिले. त्याखाली टाच ठेवा नाहीतर फरशी, ते पंचावन्नच दाखवते.

४. सबब अर्जदाराने आपल्या यंत्रावर टाच तपासली. आकडा ब्याऐंशी आला, आणि पाठोपाठ संदर्भीय ज्ञापन आले. तपासनीसाने नातेवाइकाची वस्तू तपासू नये हा नियम अर्जदारास मान्य आहे. नियम चांगलाच आहे. अडचण एवढीच की, दुसरे तपासनीस निवृत्त झाल्यापासून त्यांची खुर्ची रिकामी आहे, आणि हे यंत्र रोज हाताळणारा या इमारतीतला एकमेव इसम दुर्दैवाने तिचा नवरा आहे.

५. नमुना जमा केल्याशिवाय अर्ज घेत नाहीत, म्हणून दुसऱ्या अर्जासोबत पाऊल जमा केले. त्यावर शिक्का मारून ते कपाटात ठेवण्यात आले, व नवे तपासनीस येईपर्यंत तेथेच राहील असे सांगण्यात आले. इकडे पत्नी भिंत आणि खुर्ची धरून एका पायावर घरात फिरत होती. दुकानाला कुलूप होते. शेवटी कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या बाईंना दया आली व पाऊल परत मिळाले. आस्थापना शाखेच्या बाबूंनी तोडगाही सुचवला: "तुम्ही त्यांचे कोणी लागत नाही असा कागद आणा, मग काही हरकत नाही." अर्जदाराने घरी विचारले. पत्नी म्हणाली, "सोडा की मला. मोजून झालं की परत घ्या. फक्त परत घ्यायला वेगळा अर्ज लागतो का, तेवढं विचारून या." अर्जदाराने विचारले. लागतो.

६. तरीही अर्जदार तो कागद करावयास बसला होता. सहीच्या जागी आल्यावर हात पुढे जाईना. साहेब, अर्जदार आता पुरता हताश झाला आहे. तरी आपण स्वतः मोजावे, आपणांस तो अधिकार आहे. त्यात अवघड काही नाही. टाचेचा सपाट भाग वर करून ती टेबलावर ठेवावी. यंत्र सरळ उभे धरून सावकाश दाबावे, हिसका देऊ नये. काटा आधी वर जाईल, मग थोडा उतरेल. तो थांबेपर्यंत कृपया थांबावे. अशा पाच जागा मोजून मधला आकडा लिहावा. याला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. तोवर अर्जदार बाहेर पाठ फिरवून उभा राहील. आकडा पंचावन्न आला तर तो पुन्हा अर्ज करणार नाही, व आपण द्याल ती शिक्षा घेईल.

७. नियमानुसार पाऊल सोबत जोडले आहे. आज पत्नी त्याच पावलावर जिना चढून आली, आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसली आणि ते काढून तिने अर्जदाराच्या हाती दिले. ती अजून तेथेच आहे. पाऊल पुन्हा कपाटात गेले तर तिला तेथून उठता येणार नाही. हे धमकी म्हणून नव्हे, केवळ आपल्या माहितीसाठी कळविण्यात येत आहे.

आपला, तपासनीस आणि पती अशा दोन्ही पदांवर अद्याप असलेला नम्र,
(सही)
काठिण्य तपासनीस, रबर विभाग
दिनांक: आजचाच

सोबत:
१. अवयव केंद्राची चिठ्ठी.
२. डॉक्टरांचा दाखला.
३. कृत्रिम पाऊल, डावे, एक नग. आताच काढलेले आहे. वरची बाजू अजून कोमट लागेल.