जिन्याखालची पहार

मंगळवार, दिवेलागण. विश्रामबाग

मालकाला ही जुनी बिल्डिंग विकायचीय. सगळे भाडेकरू गेले, एकटे टेलर सलीमचाचा हटंनात. म्हणून आज मालकाचा पोरगा विक्या गच्चीवरची पाण्याची टाकी फोडायला चढला. पहार मीच वर नेऊन दिली. लय जड, दोनदा खांदा बदलला. जिन्याखाली फुकट झोपू देतात, न्हाई कसं म्हणणार?

टाकी फुटली तसे चाचा धावत आले. "नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूपुरतं तरी पाणी ठेव रं!"

"खाली जा, म्हाताऱ्या!" विक्यानं तीच पहार त्यांच्या मनगटावर घातली. कात्री धरायचा हात. हाड मोडलेलं ऐकू आलं. रक्तच रक्त.

चाचा माझ्याकडं बघत म्हणाले, "तू दिलीस व्हय?"

विक्या म्हणाला, पहार धुऊन ठेव. खाली येऊन नळ सोडला, तर थेंब न्हाई. पहार तशीच लाल, माझ्या अंथरुणाशेजारी हाय.