वर्गाचा नियम

३ सप्टेंबर
आजही संध्याकाळच्या अभ्यासवर्गात थोरलीचं उदाहरण दिलं. तुमच्याच वस्तीतली, याच बाकावर बसून शिकली, आज इंजिनिअरिंगला आहे! तिची धाकटी बहीण खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत होती. हिचं यंदा शाळेचं शेवटचं वर्ष. थोरलीपेक्षाही हुशार.

५ सप्टेंबर
साबण आणायला मोठ्या दुकानात गेले. गल्ल्यावर टोपी घातलेली मुलगी. मान वर केली — थोरली!
"कॉलेज?"
"सुटलं, बाई."
मागे रांग खोळंबलेली. बोलता आलं नाही.

६ सप्टेंबर
दुकानामागे माल उतरवतात तिथं तिला गाठलं. पहिल्याच सत्रात दोन विषय गेले, तेव्हापासून कॉलेजात पाऊल टाकलेलं नाही.
"तुला काढलं कोणी?"
"कोणीच नाही. पण दोन विषयांत नापास झालं की वर्गातली जागा सोडायची, हा तुमचाच नियम ना? मला वाटलं, तिथंही तेच."
नियम माझाच. जागा मोजक्या, दाराबाहेर पोरं ताटकळत असतात. आळशी पोरांना किती दिवस पोसायचं?
"अगं, विचारायचंस तरी!"
"कुणाला?"
खरंच, कुणाला? आम्ही कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचवतो, टाळ्या वाजवतो आणि मागे फिरतो.
"धाकटीला सांगू नका," म्हणाली. "तिला वाटतं, मी अजून शिकतेय."

९ सप्टेंबर
कॉलेजच्या कार्यालयात गेले. कारकून हसला. "नाव आहे की! राहिलेले विषय पुन्हा देता येतात. निम्मा वर्ग देतो, बाई!" सोमवारी हजर झाली तर वर्ष वाचेल.
मला काही हसू आलं नाही.

१० सप्टेंबर
त्यांच्या घरी गेले. एकच खोली. इस्त्री करून करून आईची पाठ गेली, ती पडूनच.
थोरली ताडकन म्हणाली, "मी गेले तर घर कोण चालवणार? तुम्ही?"
"बाईंशी असं बोलतात का?" आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता — "पण खोटं नाही बोलत ती."
धाकटी पाणी घेऊन आली. सगळं ऐकलं होतं तिनं.
"मला कधीचं माहीत आहे, ताई. कॉलेजातून येणाऱ्यांचे पाय असे सुजत नाहीत. तू जा."
थोरली रडायला लागली. मी दटावलं. रडण्यानं आजवर कोणी पास झालेलं नाही!

१२ सप्टेंबर, सोमवार
थोरली कॉलेजात गेली. फाटकाशी उभं राहून डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी वर्गात तो नियम रद्द केल्याचं सांगितलं. पोरांनी बाकं बडवली. गप्प बसवलं.
धाकटी आली नव्हती. आईपाशी असेल.

१३ सप्टेंबर
धाकटी गल्ल्यावर होती. ताईच्या पाळीवर.
"वर्गातली माझी जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या, बाई."